लाईन जाते, लाईन लागते

बोईसरमध्ये कुणी फोनवर "मी लाईनीच्या पलीकडे आहे" म्हणालं, की आधी तो राहतो कुठे ते आठवावं लागतं. पश्चिमेला राहणाऱ्याचं 'पलीकडे' म्हणजे पूर्व, आणि पूर्वेकडच्याचं पश्चिम. सूर्याला यात कुणी विचारत नाही. इथे दिशा रुळांवरून ठरतात.

हा शब्द या पट्ट्यात असा काही मुरला आहे की तो इंग्रजी आहे याची आठवण कुणाला होत नाही. वाडवळ, मांगेला, वारली, घरी गुजराती बोलणारा दुकानदार, गोरखपूरहून कालच उतरलेला हेल्पर, ओडिशाचा फिटर, सगळ्यांच्या तोंडी तो सारखाच बसतो. 'धन्यवाद' किंवा 'कृपया' असं या सर्वांना एकसारखं म्हणता येणार नाही. 'लाईन' म्हणता येतं. अनेकवचन आम्ही आमचं केलं आहे: लायनी. आणि आमच्याकडे लायनी फार.

पहिली अर्थातच रुळांची. ती इथे आली तीच मुळी उलट्या बाजूने. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची 'बीबीसीआय', गुजरातेतून काम करत करत दक्षिणेकडे सरकली आणि १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडला पोचली. मुंबईने आम्हाला गाडी दिली असं मुंबईकर समजतात. खरं तर ती आमच्या अंगणातून मुंबईला गेली. जाता जाता तिने गावांच्या पत्रिका बदलल्या. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये हा तालुका 'माहीम' या नावाने आहे. किनाऱ्यावरचं केळवे-माहीम, तिथला किल्ला, पानवेलींच्या वाड्या, जुना व्यापार, सगळा भार तिकडे होता. रूळ मात्र आतल्या अंगाने, पालघरजवळून गेले. पुढे कचेरी रुळांच्या जवळ आली, तालुक्याचं नाव पालघर झालं, आणि १ ऑगस्ट २०१४ ला त्याच नावाचा जिल्हा झाला. माहीमच्या एखाद्या जुन्या घरात ओटीवर बसलं, की 'पालघर'चा उच्चार अजून जरा आखडता ऐकू येतो. कालपर्यंत जे नुसतं स्टेशन होतं, त्याच्या कचेरीत आता दाखले काढायला जावं लागतं, याचा तो सूर असावा.

'वेस्टर्न लाईन' म्हटलं की मुंबईच्या मनातला नकाशा विरारला संपतो. त्याला बऱ्याच वर्षांचं तांत्रिक कारणही होतं. विरारपर्यंतच्या तारेत १,५०० व्होल्टचा डीसी करंट आणि विरारच्या पुढे २५,००० व्होल्टचा एसी. वर तीच तार दिसायची, आत वाहणारं वेगळं. त्यामुळे लोकल विरारला थांबे आणि पुढच्या माणसाने शटल धरावी. पश्चिम रेल्वेवरचा सगळा डीसी २०१२ मध्ये गेला आणि १६ एप्रिल २०१३ ला चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तीही १६ एप्रिललाच. हा योग कुणी मुद्दाम साधला की पंचांगाने, कोण जाणे. त्या दिवसापासून सफाळे, केळवे रोड, उमरोळी, वाणगाव ही नावं लोकलच्या इंडिकेटरवर दिसू लागली. नाव इंडिकेटरवर लागलं की गावाच्या जमिनीचा भाव बदलतो, हे बिल्डरांना आपल्याआधी कळतं.

तरी विरारच्या पुढे येणारे-जाणारे दोनच रूळ. त्यांच्यावरून राजधानी जाते, मालगाडी जाते, सौराष्ट्राची मेल जाते आणि उरलेल्या फटीतून आमची लोकल. मग मधल्याच एखाद्या स्टेशनात खटखट आवाज करत गाडी बाजूला वळते आणि डब्यातला अनुभवी माणूस पेपरातून मान वर न काढता म्हणतो, "लूपला घेतली." लूप लाईन. शेजारून काहीतरी महत्त्वाचं धडधडत निघून जातं, आपल्या खिडक्या थरथरतात, परत शांतता. शेंगदाणेवाला याच वेळी डब्यात चढतो. त्याचं वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं. सरकारी ऑफिसातही नकोशा झालेल्या माणसाला 'लूप लाईनला टाकतात'. तो शब्द रेल्वेतून तिकडे गेला, हे लूपमध्ये बसलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

विरार ते डहाणू तिसऱ्या-चौथ्या लाईनीला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, काम चालू आहे. तिच्या जोडीला मालगाड्यांचा वेगळा मार्ग: दादरी ते जेएनपीटी, दीड हजार किलोमीटरचा, त्याच्या तारा नेहमीपेक्षा उंच, कारण खालून एकावर एक असे दोन कंटेनर जायचे आहेत. आणि बुलेट ट्रेन: ५०८ किलोमीटर, बारा स्टेशनं, त्यातलं एक बोईसर. मोजणीवाले आले की गावात पहिला प्रश्न एकच असतो, "लाईन कुठून जाते?" या प्रश्नातलं 'जाते' नीट ऐकावं. आपल्या भाषेत जाणं म्हणजे पुढे निघणं, आणि हातचं नाहीसं होणंही. "आमच्या वावरातून लाईन गेली" असं एखादा म्हणतो तेव्हा लाईन गेली की वावर, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचं.

स्टेशनातून पश्चिमेला निघालं की तारापूर एमआयडीसी. नाव तारापूरचं, पण खरं तारापूर तिथून पुढे, खाडीच्या काठाला, आपला पडका किल्ला आणि समोरची चिंचणी सांभाळून बसलेलं. कारखाने उभे राहिले ते बोईसरच्या अंगाला, पास्थळ, कुंभवली, सालवड, कोलवडे या गावांच्या आसपास. तारापूरला फक्त नाव पाठवलं गेलं, आणि त्या नावाबरोबर वासाची बदनामी.

या वसाहतीत 'लाईन' या शब्दाला निराळंच वजन आहे. इथे लाईन म्हणजे पाईप. स्टीम लाईन, कूलिंग वॉटरची लाईन, नायट्रोजनची लाईन, व्हॅक्यूम लाईन. "लाईन घे", "लाईन मार", "लाईन फ्लश कर", "लाईन चोक झाली", "लाईन गरम आहे, हात लावू नको." शेजारचे एक काका आयुष्यभर केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. ते सांगत, नव्या पोराला कंपनीत घेतल्यावर पहिले काही दिवस मशीनला हात लावू द्यायचा नाही. त्याने फक्त लाईन ट्रेस करायची. म्हणजे पाईपच्या एका टोकाला उभं राहायचं आणि नजरेने तो पाईप धरून चालायचं. भिंतीतून, छताखालून, तीन मजले वर, रॅकवरच्या पन्नास पाईपांमधून आपला पाईप न सुटता दुसऱ्या टोकाला पोचायचं. मग कागदावर काढून दाखवायचं. रंगांची मदत असते, त्याचं भारतीय मानकही आहे: पाण्याची लाईन समुद्री हिरवी, वाफेची चंदेरी, हवेची आकाशी, वायूची पिवळी, ॲसिडची गडद जांभळी, आगीच्या पाण्याची लालभडक. पण रंग उडतात, पोपडे निघतात, आणि घाईत जोडलेला एखादा तुकडा भलत्याच रंगाचा असतो. काका म्हणायचे, "रंगावर जाऊ नये. टोकापर्यंत जावं." वाचनाची सवय त्यांना नव्हती, पण ओळ सोडून खालच्या ओळीवर घसरणाऱ्या वाचकाला ते चांगले मास्तर झाले असते.

या कंपन्यांतून एक लाईन बाहेर पडते, सांडपाण्याची. सामाईक प्रक्रिया केंद्रातून ती नवापूरच्या समुद्रात जाते. तिच्याबद्दल कारखानदार एक सांगतात, किनारा दुसरं सांगतो. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हरित लवादाकडे दाद मागितली, दंडाचे आदेश झाले, अपिलं झाली. किनाऱ्यावरच्या बाईला मात्र खाडीत बोय कमी मिळते एवढी नोंद ठेवायला वकील लागत नाही. या बाबतीत मी तटस्थ नाही. लाईन ट्रेस करायचा काकांचा नियम लावला, तर या लाईनीचं दुसरं टोक कुणाच्या ताटात आहे हे दिसतं.

आता विजेच्या लायनी. १९६९ च्या ऑक्टोबरात तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले; देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. संच अमेरिकन, जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे, आणि त्यांची वीज महाराष्ट्र व गुजरात यांच्यात वाटून घ्यायची. पुढे शेजारीच ५४० मेगावॉटचे दोन देशी संच आले, २००५ आणि २००६ मध्ये. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. तिथून उंच मनोऱ्यांवरच्या लायनी पूर्वेकडे निघतात, भाताच्या खाचरांवरून, वाडीवरून, एखाद्या पाड्याच्या अगदी डोक्यावरून. पावसाळी हवेत त्यांच्याखाली उभं राहिलं की बारीक चरचर ऐकू येते. आणि नेमक्या त्याच हवेत खालच्या घरातला दिवा जातो.

घरात आपण 'लाईट गेली' म्हणतो. ज्याला आपण जरा जाणकार आहोत असं वाटतं तो 'लाईन गेली' म्हणतो, आणि लगेच विचारतो, "आपली की मेन?" फरक मोठा आहे. मेन गेली असेल तर सगळेच अंधारात, मनाला तेवढंच बरं. आपलीच गेली असेल तर लाईनमनला फोन. अणुकेंद्राच्या इतक्या जवळ राहून अंधारात बसायचं यावर दर पावसाळ्यात एक विनोद होतो, आणि तो करणाऱ्यालाही तो जुना झालेला माहीत असतो. मनोऱ्यावरच्या लाईनीचा घरातल्या लाईनीशी थेट संबंध नसतो. मध्ये सबस्टेशन, फीडर, डीपी अशी पायरी-पायरीची उतरंड असते. पण हे ज्ञान मेणबत्ती शोधताना उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो भर पावसात खांबावर चढलेला माणूस. रबरी हातमोजे, कमरेला पट्टा, खाली उभ्या सोबत्याला ओरडून विचारणं, "लाईन बंद ना?" या तीन शब्दांवर त्याचा जीव असतो. खालून येणारं उत्तर नीट ऐकू येईपर्यंत तो तारेला हात लावत नाही, आणि तोवर आपण सगळे खिडकीतून 'किती वेळ लावतो' म्हणून चडफडत असतो.

पाण्याचीही तीच गोष्ट, थोडक्यात सांगतो. सूर्या नदीवर धामणीला धरण झालं ते डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी असं सांगून. आज तिथून दक्षिणेकडे मोठी लाईन जाते, वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी, दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची योजना. धरणाच्या शेजारच्या पाड्यात मे महिन्यात टँकर येतो आणि टँकरपुढे हंड्यांची लाईन लागते.

इथे शब्दाची दुसरी बाजू आली. एक लाईन जाते, दुसरी लागते. जाणारी रुळांची, तारेची, पाईपची, लागणारी माणसांची. रेशनला लागते, सेतू केंद्राबाहेर लागते, जातीच्या दाखल्याला लागते. सातबारा ऑनलाईन झाला तेव्हा वाटलं, आता लाईन गेली. पण सर्व्हर बंद असला की ऑनलाईनसाठी लागलेली लाईन जुन्या लाईनीपेक्षा लांब. तिच्यात पायाला कळ लागली की आमच्याकडची म्हातारी माणसं चप्पल ठेवून बाजूला बसतात. चपलांची लाईन पुढे सरकत राहते, मागचा माणूस पुढच्याची चप्पल पायाने हळूच ढकलतो. यात फसवणूक झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. दुपारपर्यंत चपला इमानाने उभ्या राहतात.

समुद्राकडे गेलं की वाटतं, इथे तरी लाईन नसेल. सातपाटीच्या धक्क्यावर जा. पापलेटचं गाव, २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला तेव्हा इथल्या माणसांना आनंद झाला, पण तो मासा दिवसेंदिवस लहान होत चालला आहे ही काळजी त्यांना त्याआधीपासून होती. इथे समुद्रात 'कव' असतात, खुंट ठोकून डोल लावायच्या जागा. त्यांच्यावरून डहाणू-सातपाटीकडचे आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार यांच्यात जुना वाद आहे. त्या वादात 'लाईन' शब्द फारसा येत नाही. 'हद्द' येतो. हद्द आजोबांच्या शब्दावर, किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस यांच्या मेळावर चालत आली. ती पाण्यावर दिसत नाही, पण तांडेलाला पाठ असते.

लाईन आली ती कागदातून. १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेने 'हाय टाइड लाईन' आणली आणि तिच्यापासून ५०० मीटरपर्यंत काय बांधावं, काय नाही याचे नियम लागले. उद्देश चांगला होता. त्याशिवाय हा किनारा कधीच सिमेंटने भरून गेला असता. पण भरतीची रेषा नकाशावर एका जागी राहते आणि समुद्र राहत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावरून उडी मारून कोळीवाड्यातल्या चुलीपर्यंत येतं. तेव्हा ती लाईन नेमकी कुठे आहे, मोरीत की माजघरात, हे कुणी अधिकाऱ्याने येऊन दाखवावं. उत्तरेला वाढवणच्या समुद्रात आता बंदर व्हायचं आहे. २०२४ मध्ये मंजुरी, त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरला भूमिपूजन. त्याच्यासाठी नवा रस्ता आणि नवे रूळ. म्हणजे पुन्हा मोजणीवाले, पुन्हा तोच प्रश्न.

आणि एक लाईन त्याहून दूर, गुजरातच्याही पलीकडे. डहाणू, तलासरीच्या पाड्यांतले तरुण भातकापणी उरकली की ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तिकडे माशांच्या मागे जाता जाता बोट सागरी सीमारेषा ओलांडते, किंवा ओलांडली असं पलीकडचे म्हणतात, आणि माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. ज्याने ती ओलांडली त्याने सुकाणू धरलेलं नसतं. तो बर्फ फोडत असतो किंवा भात शिजवत असतो. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. नव्या वर्षाच्या शुभेच्छा येतात त्या दिवशी डहाणू तालुक्यातल्या काही घरांना त्या यादीत आपल्या माणसाचं नाव आहे का एवढंच हवं असतं. नाव असलं तर तो जिवंत आहे.

इतक्या सगळ्या लायनींमध्ये ज्यांना कुणी लाईन म्हणत नाही अशाही रेघा इथे आहेत. वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. चौक 'लिहितात', काढत नाहीत. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, टोक ठेचलेल्या काडीने. पट्टी लावून मोजली तर एकही रेघ सरळ नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही रेघ लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आता तीच चित्रं स्टेशनांच्या भिंतींवर, सरकारी इमारतींवर ऑइलपेंटने रंगवलेली दिसतात. तारप्याभोवती नाचणारी माणसं, एकमेकांच्या कमरेत हात घातलेली, आत आत वळत जाणारी. त्यांच्यासमोर तिकिटाची लाईन. प्लॅटफॉर्मवर उभं राहून मी कित्येकदा त्या नाचणाऱ्यांकडे पाहिलं आहे. त्यांच्यात पुढचा कोण आणि शेवटचा कोण हे शोधावं लागतं, आणि सापडला तरी पुढचा असल्याचा त्याला काही फायदा झालेला दिसत नाही.

बांधकामावरचा गवंडी मात्र या शब्दाच्या मुळाशी सर्वांत जवळ राहतो, आणि त्याला त्याचा पत्ता नाही. इंग्रजी 'लाईन'चा उगम लॅटिनमधल्या जवसाच्या नावात आहे. जवसाच्या वाखाचा धागा, तो ताणला की सरळ रेघ. तिथून पुढे रांग, रूळ, तार, वंश, धंदा, सगळं. बोईसरच्या नव्या टॉवरांच्या पायाशी फक्कीने 'लाईन आऊट' टाकतात आणि विटांचा थर चढू लागला की गवंडी दोन टोकांना खिळे ठोकून दोरा ताणतो. तो त्याला म्हणतो 'लाईनदोरी'. इंग्रजांनी दोऱ्यावरून शब्द उचलला, जगभर फिरवला, आणि मालदा किंवा नांदेडहून आलेल्या कुणीतरी त्याला परत दोरी बांधून दिली.

तरुणांचं या शब्दाशी असलेलं नातं मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण त्यात माझं मत कुणी विचारत नाही. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर पालघरच्या पुलावर जी लाईन मारली जाते, जी दिली जाते किंवा दिली जात नाही, तिची मंजुरी, मोजणी आणि भरपाई वेगळी असते. 'लाईन क्लिअर' हा शब्द स्टेशनमास्तरांचा. पुढचा मार्ग मोकळा आहे, गाडी सोडा. पोरांनी तो रेल्वेकडून उसना घेतला आणि परत केला नाही.

मग लग्नाचं वय होतं, आणि शब्द पुन्हा गंभीर होतो. "पोरगं लाईनीला लागलं का?" म्हणजे कमावतं झालं का. "कुठल्या लाईनमध्ये?" म्हणजे केमिकल, फार्मा, ट्रान्सपोर्ट, मेडिकल की शिक्षकी. परवा डहाणू लोकलमध्ये समोरच्या बाकावर एक बोलणी चालली होती. मुलीचा मामा सफाळ्याला चढलेला, मुलाची आत्या आधीपासून बसलेली, मध्ये पिशवीत चिकू.

"मुलगा कुठल्या लाईनला आहे म्हणालात?" मामांनी विचारलं.

"वेस्टर्नला," आत्या म्हणाल्या. "नालासोपाऱ्याला फ्लॅट घेतलाय."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. गाडी केळवे रोडच्या अलीकडे खटखटत बाजूला वळली.

"फास्ट थांबते का तिथे?"

"थांबते," आत्या म्हणाल्या, आणि चिकूची पिशवी पुढे केली.